सगुण ध्यान: डोळे मिटले की रूप का टिकत नाही? (अनुभव लिहा)

सांजवात
सकाळी रेडिओवर 'सुंदर ते ध्यान' लागलं आणि पाठांतराचे दिवस आठवले. तेव्हा चालीत म्हणून टाकायचो. आज क्रमाकडे लक्ष गेलं. आधी वीट, मग कटावरचे हात, मग तुळशीहार, पितांबर, मग कुंडलं, कौस्तुभ. श्रीमुख पार शेवटी! आणि आपण डोळे मिटले की पहिल्यांदा चेहराच आणायला जातो. तोच सगळ्यात आधी विरघळतो. नाक आणावं तर डोळे जातात, डोळे आणावेत तर मुकुट.
तुम्ही कुठलं रूप घेता, सुरुवात कुठून करता, गाडी कुठे अडते, ते लिहा. उपदेश नको, कृती हवी.

अर्धवटराव
आमच्याकडे 'काय ध्यान आहे!' हे आरशासमोर म्हणतात. ते मात्र टिकतं. जाता जात नाही.

औदुंबराखाली
सांजवात, नेमकं पकडलंत. माणसाचं वर्णन डोक्यापासून खाली आणि देवाचं चरणांपासून वर, असा काव्यातला जुना संकेतच आहे. ध्यानातही तेच. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात २८व्या अध्यायात कपिलमुनी आई देवहूतीला पूर्ण क्रम सांगतात. चरणतळावरची वज्र, अंकुश, ध्वज, कमळ ही चिन्हं, नखं, मग पोटऱ्या-गुडघे, मांड्या, पितांबर आणि मेखला (कमरपट्टा), नाभी, वक्ष, बाहू आणि आयुधं, वनमाला, कौस्तुभ, त्यानंतर मुख, मुखानंतर नजर आणि नजरेनंतर हसू.
एक बारकावा बहुतेकांचा सुटतो. आधी अख्खी मूर्ती घ्यायची आहे, मग एकेक अवयव. अख्खी मूर्ती धूसर असली तरी चालते, नुसती 'इथे उभी आहे' एवढी जाणीव पुरे. मग चरणांवर यायचं आणि तिथेच राहायचं. एक अवयव स्थिर झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. गुडघ्यापर्यंत पोचून बैठक संपली तर संपली, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठ्यापासून.

खडीसाखर
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. किती वेळ एका अवयवाला? कोणीतरी आकडा सांगा, 'स्थिर होईपर्यंत' म्हणजे काय ते कळत नाही.

निरंजन_वात
खडीसाखर, घड्याळ लावू नका, श्वास मोजा. चरणांवर बारा श्वास, त्यात चित्त तीनपेक्षा जास्त वेळा घसरलं नाही तर पुढे सरका. घसरलं तर तिथूनच पुन्हा. पुराणांत मोजमाप बाराचंच येतं: बारा प्राणायामांची एक धारणा (चित्त एका जागी धरणं), बारा धारणांचं एक ध्यान. ते मोठ्या साधकांचं माप, आपण आकडा तेवढा उचलायचा. सुरुवातीला एकूण १५-२० मिनिटं भरपूर. तासभर बसलं तर शेवटची चाळीस मिनिटं भाजीचा हिशेब होतो.

टिपकागद
रूप न टिकण्याचं निम्मं कारण म्हणजे आपण दोन रूपं मिसळतो. तोंडात श्लोक एक, डोळ्यांपुढे कॅलेंडर दुसरं. तपासून बघा:
रामरक्षेतला राम बद्धपद्मासनात बसलेला आहे. पिवळं वस्त्र, गुडघ्यापर्यंत पोचणारे हात, धनुष्यबाण, डाव्या मांडीवर सीता आणि नजर सीतेच्या मुखाकडे. आपण डोळ्यांपुढे आणतो तो उभा राम, शेजारी लक्ष्मण, पायाशी मारुती. ध्यानाच्या श्लोकात लक्ष्मण नाहीच. (पुढे स्तोत्रात येतो, ते वेगळं.)
अथर्वशीर्षातला गणपती घ्या. पाश, अंकुश, मोडलेला दात आणि चौथा हात वर देणारा. मोदक नाही! रंग लाल, वस्त्र लाल, कान सुपासारखे. उंदीर पायाशी नाही, ध्वजावर आहे.
रोजच्या पूजेतला 'ध्यायेन्नित्यं महेशं' म्हणून बघा. परशू, मृग, वर, अभय. त्रिशूळ नाही, डमरू नाही, मुखं पाच. चांदीच्या डोंगरासारखा रंग म्हटलाय आणि आपण निळा शंकर आणतो.
मन श्लोकातून चित्राकडे आणि चित्राकडून श्लोकाकडे उड्या मारतं, मग टिकणार कसं? एकतर श्लोकाप्रमाणे रूप घ्या, नाहीतर जे रूप आवडतं त्याचं ध्यान श्लोकाविना करा. दोन्ही चालतं. खिचडी चालत नाही.

भातुकली
मोदक नाही??? आता संकष्टीला काय करू :(

टिपकागद
भातुकली, नैवेद्यात आहे की. फक्त हातात नाही.
आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ राहिला. मूर्ती समोर कल्पिली तर देवाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. विष्णूला हे फार महत्त्वाचं. शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत मांडायचे २४ प्रकार होतात आणि केशव, नारायण, माधव ही संध्येतली २४ नावं तेवढ्याच मांडण्यांना दिली आहेत. केशव म्हणजे खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या उजव्यात शंख, वरच्या डाव्यात चक्र, खालच्या डाव्यात गदा. एक मांडणी कागदावर लिहून ठेवा. रोज आयुधं बदलत राहिली तर चित्ताला तो रोज नवा पाहुणा.

औदुंबराखाली
टिपकागद +१. दत्ताचं तर सहा हातांचं प्रकरण. खालच्या जोडीत माळ-कमंडलू, मधल्यात डमरू-त्रिशूळ, वरच्यात शंख-चक्र. जोडी-जोडीने खालून वर घ्यावं. ब्रह्मा, महेश, विष्णू असा क्रम आपोआप लागतो, म्हणून लक्षात राहतं. तीन मुखं एकदम आणू नका, मधलं आधी. तरीही जमेना तर पादुका घ्या. दत्तसंप्रदायात ती काही कमी प्रतीची सोय मानत नाहीत. औदुंबरला विमल पादुका, नृसिंहवाडीला मनोहर, गाणगापूरला निर्गुण. तिथे पूजा पादुकांचीच.

खडीसाखर
शिट्ट्या झाल्या, भात लागला. पण बारा श्वासांचं पटलं. पुढचं वाचते रात्री.

मुक्काम_पोस्ट
एक अडचण. डोळे मिटले की काळोख. चरण नाही, वीट नाही, काही म्हणजे काही नाही. इथे सगळे नखं नि मेखला बघतायत. अपात्र का मग?

कातरवेळ
मुक्काम, अजिबात नाही. काही लोकांच्या मनात चित्र उमटतच नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी त्याला 'अफँटेझिया' असं नाव दिलं. तो आजार नाही, श्रद्धेची कमतरता तर नाहीच.
अशांनी 'बघणं' सोडून द्यावं आणि बाकीची दारं उघडावीत. चरणांना हात लावलाय, दगड गार आहे, तुळशीचा वास येतोय, वस्त्राची कड बोटाला लागतेय. मूर्ती माझ्यासमोर तीन हातांवर आहे, एवढी दिशा जाणवली तरी धारणा होते. पतंजलींची व्याख्या बघा, चित्ताला एका जागी बांधणं म्हणजे धारणा आणि तोच प्रत्यय एकसारखा वाहणं म्हणजे ध्यान. त्यात 'चित्र' हा शब्दच नाही.

निरंजन_वात
मुक्काम_पोस्ट, तुमच्यासाठी मानसपूजा. तिथे बघायचं कमी आणि करायचं जास्त असतं. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. सोळा उपचार, प्रत्येक मनातल्या मनात हाताने करायचा.
युक्ती अशी की उपचाराचं नुसतं नाव घेऊन पुढे पळायचं नाही. 'स्नान' म्हणून मोकळं होऊ नका. दूध, मग शुद्ध पाणी. दही, पाणी. तूप, पाणी. मध, पाणी. साखर, पाणी. तूप मनातसुद्धा गार पाण्याने निघत नाही, कोमट घ्या. मग अंग पुसा, आधी पाठ की आधी पाय ते ठरवा. मधाचा चिकटपणा जाणवला की समजा चित्त तिथे आहे. गंध उगाळताना सहाण किती वेळा फिरवली ते मोजा. चंदनाचा थेंब ओघळला तर पुसा.
वेळ कमी असेल तर पंचोपचार. गंध पृथ्वीचं, पुष्प आकाशाचं, धूप वायूचा, दीप अग्नीचा, नैवेद्य अमृताचा. दोन मिनिटांत होतो, पण दोन मिनिटं तरी द्या.
बिघडतं कुठे, तर नैवेद्यात. मन स्वयंपाकघरात शिरतं आणि परत येत नाही. नैवेद्य एकच पदार्थाचा ठेवा.

अर्धवटराव
'तूप कोमट पाण्याने' हे वाचून समजलं की हे गृहस्थ खरोखर मूर्ती घासतात.

निरंजन_वात
पितळेची. चिंच लावून. पण तो वेगळा धागा काढा, इथे नको.

भातुकली
दिव्याकडे टक लावून मग डोळे मिटले की आत ज्योत दिसते. त्यात मूर्ती बसवली तर? कुणीतरी सांगितलं होतं की ते दर्शनच.

कातरवेळ
भातुकली, दर्शन नाही हो. ती डोळ्याच्या पडद्याची थकावट. खूण सोपी आहे: बुबुळ हलवलं की ठसा बरोबर हलतो, थोड्या वेळात रंग पालटतो आणि विरतो. मनातलं रूप बुबुळाबरोबर पळत नाही. त्राटक, म्हणजे असं टक लावून बघणं, एकाग्रतेच्या तयारीला चांगलं. ज्योत डोळ्यांच्या पातळीत, हातभर लांब, वारा बंद, पाणी येईपर्यंत ताणायचं नाही. काचबिंदू किंवा फेफरं असेल तर ज्योतीचं त्राटक टाळाच.
दुसरी चूक म्हणजे मिटलेल्या पापण्यांच्या आतल्या बाजूला चित्र शोधणं. डोळे वर खेचले जातात, कपाळ आवळतं, अर्ध्या तासात डोकं ठणकतं. रूप कपाळात आणू नका, छातीच्या मध्यावर आणा. जबडा सैल, जीभ सैल.

टिपकागद
कातरवेळ, 'हृदयात' म्हटलं की लोक डावीकडे हात नेतात. धडधडतं ते नव्हे, छातीचा मध्य. आणि माप? भागवताच्या दुसऱ्या स्कंधात हृदयातला पुरुष प्रादेशमात्र सांगितलाय. म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणली की पडतं तेवढं अंतर. माप ठरवलं की मूर्ती कधी डोंगराएवढी, कधी ठिपक्याएवढी होत नाही. ही तक्रार फार जणांची असते.
अकराव्या स्कंधात उद्धवाला सांगितलेली कृतीही बघा. हृदयकमळ आठ पाकळ्यांचं, खाली तोंड करून आहे, ते वर तोंडाचं उमललेलं कल्पायचं. मध्ये सूर्य, त्यात चंद्र, त्यात अग्नी, अग्नीत मूर्ती. सर्वांग झालं की फक्त हसरं मुख ठेवायचं. मग तेही सोडायचं.

मुक्काम_पोस्ट
आठ पाकळ्या? हृदयाजवळच्या अनाहतचक्राच्या तर बारा ना?

टिपकागद
बारा चक्रांच्या परंपरेत, आठ भक्तीच्या ध्यानात. दोन वेगळे नकाशे आहेत. एकावर दुसरा ठेवून भांडू नका, एक घ्या.

औदुंबराखाली
वरून कमी करत जाण्याची कृती विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात आहे. आधी आयुधं-दागिन्यांसह सगळी मूर्ती. ती ठरली की शंख, चक्र, गदा, धनुष्य काढून टाका. ते ठरलं की मुकुट-बाजूबंद काढा. मग एकच अवयव. ज्यांना रचत वर चढणं जमत नाही त्यांना हे उतरणं जमतं. मात्र घाई केली की भलतंच होतं. आयुधं नीट बसायच्या आधीच काढायला गेलं तर हातच दिसेनासे होतात.

सांजवात
हे झकास! आणि झोप? कोणी बोललंच नाही. पितांबरापर्यंत आलं की मान खाली.

निरंजन_वात
झोप म्हणजे लय, चार विघ्नांतलं पहिलं. बाकीची विक्षेप (भटकणं), कषाय (मन दगड होऊन बसणं) आणि रसास्वाद (गोड वाटलं तिथेच लोळत पडणं). उपाय एकच नाही, हे लक्षात ठेवा. लयाला चटकन डोळे उघडून खऱ्या मूर्तीकडे बघा आणि तपशील वाढवा, नखं मोजा. विक्षेपाला उलटं, तपशील कमी करा आणि नाम वाढवा. झोप येणाऱ्याला 'शांत व्हा' सांगितलं तर तो घोरेल.
बाकी भरल्या पोटी बसू नये, भिंतीला डोकं टेकू नये. पाठ टेकली तर चालते.

खडीसाखर
आले परत. भात खाऊन. म्हणजे आज नाही जमणार.
मला वेगळीच शंका. मकरकुंडलं म्हणजे मगरीच्या आकाराची की माशाच्या? पंढरपूरच्या फोटोत माशासारखीच दिसतात.

टिपकागद
मकर हा शिल्पातला मिश्र जलचर, मगरीचा जबडा, हत्तीसारखी सोंड, माशाची शेपूट. विठोबाच्या कानात लोक मासोळ्या बघतात, तेही रूढ आहे. ध्यानाला मासोळ्या सोप्या. शेपटी खाली की वर ते एकदा फोटोत बघून ठेवा.

अर्धवटराव
खाली. खांद्याला टेकलेली.

खडीसाखर
तोंड खाली हो, अर्धवटराव. फोटो मोठा करून बघा.