रॉबिन हूडची नोंद फोर्डनची की बाउअरची?

प्रश्न
रॉबिन हूडची हकिकत जॉन ऑफ फोर्डन या चौदाव्या शतकातल्या स्कॉटिश इतिहासकाराने दिली, असं जुन्या लेखनात सर्रास आढळतं. पण स्कीन यांनी १८७१ साली छापलेल्या फोर्डनच्या लॅटिन संहितेत ती सापडत नाही. संदर्भ द्यायचा तरी कोणाचा?

उत्तर १
वॉल्टर बाउअर या पंधराव्या शतकातल्या स्कॉटिश बखरकाराचा. घोळाचं मूळ गुडॉल यांनी १७५९ साली छापलेल्या आवृत्तीत आहे. तिच्या शीर्षकात 'स्कोटिक्रोनिकॉन' या स्कॉटलंडच्या लॅटिन बखरीचा कर्ता म्हणून आधी फोर्डनचं नाव, आणि बाउअरच्या पुरवण्या व पुढचा भाग यांचा उल्लेख मागाहून. लोकांनी पहिलं नाव उचललं.

खरं तर सालावरूनच शंका यायला हवी. फोर्डनने पुरी केलेली पुस्तकं, म्हणजे ग्रंथाचे भाग, पाचच, आणि ती ११५३ मध्ये राजा पहिला डेव्हिड याच्या मृत्यूपाशी थांबतात. रॉबिनची नोंद येते १२६६ या सालाखाली. बाउअर १४१८ पासून फोर्थच्या खाडीतल्या इंचकोम बेटावर मठाधिपती होता. १४४० च्या दशकात रोसाइथच्या सर डेव्हिड स्टुअर्टने त्याला फोर्डनचा ग्रंथ उतरवून पुढे न्यायला सांगितलं. बाउअरने उतरवता उतरवता मध्ये स्वतःची भर घातली आणि मजल सोळा पुस्तकांवर, १४३७ पर्यंत नेली.

त्याने लपवाछपवी मात्र केलेली नाही. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजातली १७१ क्रमांकाची पोथी पाहा: समासात फोर्डनच्या मजकुरापाशी 'आउतोर', म्हणजे मूळ कर्ता, आणि स्वतःच्या भरीपाशी 'स्क्रिप्टोर', म्हणजे लेखनिक. इतकी स्वच्छ खूण फार थोड्या मध्ययुगीन बखरकारांनी ठेवली आहे. छापील प्रतीत ती पुसट झाली की दोघे एक होतात.

उत्तर २
संदर्भ वॉट यांनी काढलेल्या 'स्कोटिक्रोनिकॉन'च्या नऊ खंडी आवृत्तीतून द्या: पुस्तक १०, प्रकरण २०. लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर आहे, टिपांमध्ये मजकुराचा उगमही कळतो.

उलटी चूकही टाळा. स्कीनकडे आहे म्हणून ते फोर्डनचंच, असं नाही. ११५३ नंतरचा 'गेस्टा अनालिया' हा भाग त्यांनी फोर्डनच्याच नावावर छापला, पण तो बराचसा फोर्डनच्या आधीच तयार होता आणि १२८५ च्या आसपास त्यात सांधा आहे, म्हणजे दोन वेगळे मजकूर जोडलेले आहेत, हे इतिहासकार दाउवित ब्राउन यांनी दाखवून दिलं. तिथे 'फोर्डन म्हणतो' असं न लिहिता 'गेस्टा अनालिया'च म्हणावं.

उत्तर ३
एक भर. बाउअरच्याही आधी, १४२० च्या सुमारास, लॉख लेव्हनमधल्या सेंट सर्फ्स मठाचा प्रमुख अँड्र्यू ऑफ विंटन याने स्कॉट्स भाषेतल्या पद्य बखरीत १२८३ च्या आसपास रॉबिन हूड आणि लिटल जॉन यांना जागा दिली. तिथे ते इंगलवूड आणि बार्न्सडेलमधले, लोकांनी वाखाणलेले रानवासी आहेत. बाउअर मात्र रॉबिनला खुनी ठरवतो आणि त्याच्या खेळांवर भाळणाऱ्या लोकांना खुळे म्हणतो, तरी लगेच त्याच्या प्रार्थनानिष्ठेची गोष्ट सांगतो. दोघांची सालं वेगळी, सूरही वेगळा, म्हणून 'स्कॉटिश बखरी सांगतात' असं मोघम लिहू नका.