अ‍ॅन लिस्टरच्या रोजनिशीतील एक षष्ठांश : अभ्यास कोठून सुरू व्हावा?

(एक लेख आणि त्यावरील चर्चा. दफ्तरी, नदीकाठ आणि अडयारची वाचक ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे आहेत.)

दफ्तरी
इंग्लंडमधील यॉर्कशायरात हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डेन हॉल या वाड्याची मालकीण अ‍ॅन लिस्टर (१७९१–१८४०) हिने सुमारे ५० लाख शब्दांची रोजनिशी मागे ठेवली. त्यातला अंदाजे एक षष्ठांश मजकूर ग्रीक अक्षरे आणि बीजगणितातील चिन्हे मिसळून तिने बनवलेल्या सांकेतिक लिपीत आहे. स्त्रियांवरील प्रेम आणि शरीरसंबंध यांविषयी तिने प्रामुख्याने या लिपीत लिहिले. १९८८ साली हेलेना व्हिटब्रेड यांनी निवडक नोंदी उलगडून प्रसिद्ध केल्या, हे काम मोलाचे आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तेव्हापासून लिस्टरचा अभ्यास म्हणजे या एक षष्ठांशाचा अभ्यास, अशी समजूत रूढ झाली आणि तिला माझा विरोध आहे.

उरलेल्या पाच षष्ठांशांत एक जमीनदार बोलते. १८३२ च्या मतदानविषयक सुधारणा कायद्याने मतदार ‘पुरुष व्यक्ती’च असावा असे ठरवल्यामुळे तिला स्वतःला मत नव्हते, पण आपल्या कुळांनी टोरी या पुराणमतवादी पक्षालाच मत द्यावे म्हणून तिने त्यांच्यावर दडपण आणले, आणि मतदान तेव्हा गुप्त नसल्यामुळे कोणी कोणाला मत दिले हे तिला कळतही असे. १८३५ च्या निवडणुकीत हॅलिफॅक्समध्ये टोरी उमेदवार अवघ्या एका मताने निवडून आला. ज्या कुळांच्या डोक्यावर जमीन जाण्याची भीती होती, त्यांच्या बाजूने ही रोजनिशी कोण वाचणार? प्रेमाच्या नोंदींपासून सुरुवात केली, की वाचक आधी तिच्या बाजूचा होतो आणि मग तिची सत्ता त्याला खटकत नाही, असे माझे मत आहे.

नदीकाठ
आपला कुळांविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. पाच षष्ठांशांपासून सुरुवात करण्याचा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्यातून काय घडले हेही आपल्यासमोर आहे. शिब्डेनचे शेवटचे वारस जॉन लिस्टर यांनी १८८७ ते १८९२ या काळात स्थानिक वृत्तपत्रात या रोजनिशीतील १२१ उतारे छापले, तेव्हा त्यांत राजकारण आणि समाजजीवन होते. पुढे त्यांनी आर्थर बरेल यांच्या मदतीने लिपी उलगडली. एका कागदाच्या तुकड्यावरील ‘होप’ (आशा) हा शब्द त्यांना किल्ली म्हणून सापडला. आतला मजकूर वाचून बरेल यांनी सर्व वह्या जाळून टाकण्याचा सल्ला दिला. जॉन लिस्टर यांनी त्या जाळल्या नाहीत, भिंतीच्या लाकडी तक्तपोशीमागे दडवल्या. विसाव्या शतकाच्या मध्यात फिलिस रॅम्सडेन आणि व्हिव्हियन इंगम यांनी पुन्हा कष्टपूर्वक वाचन केले, पण सांकेतिक भागाला ऐतिहासिक मोल नाही असे ठरवून रॅम्सडेन यांनी तो बाजूला सारला. सुमारे शंभर वर्षे विद्वानांनी आपण सुचवता तोच क्रम पाळला, आणि त्या काळात वाचकांसमोर आलेली अ‍ॅन लिस्टर अर्धवट होती.

शिवाय हे दोन भाग वेगळे काढताच येत नाहीत. शेजारच्या इस्टेटीची वारस अ‍ॅन वॉकर हिच्याशी लिस्टरने नाते जोडले आणि १८३४ च्या ईस्टरला यॉर्कमधील होली ट्रिनिटी चर्चमध्ये दोघींनी एकत्र प्रभुभोजन घेऊन ते विवाहासारखे मानले. त्यानंतर वॉकरचा पैसा शिब्डेनच्या कामांत आला. कोळशाच्या एका खाणीला ‘वॉकर पिट’ असेच नाव दिले गेले. खाणीचा हिशेब साध्या लिपीत आणि त्या पैशामागचे नाते सांकेतिक लिपीत असेल, तर एकच भाग वाचून हिशेब तरी कसा समजणार? आपण उल्लेख केलेल्या १८३५ च्या निवडणुकीनंतर तर विरोधकांनी वृत्तपत्रात तिला पुरुषी नाव देऊन ‘शिब्डेन हॉलचे कॅप्टन टॉम लिस्टर’ आणि अ‍ॅन वॉकर यांच्या लग्नाची खोटी जाहिरात दिली होती. तिच्या राजकारणाचा सूड तिच्या खासगी आयुष्यावर उगवणाऱ्यांना दोन्ही गोष्टींचा संबंध पुरेपूर कळत होता.

दफ्तरी
जाहिरातीचा दाखला निरुत्तर करणारा आहे. मी क्रमाचा आग्रह सोडतो. जिल लिडिंग्टन यांनी १९९८ साली जमीन, राजकारण आणि वॉकरशी असलेले नाते एकत्र ठेवून अभ्यास केला आणि तो आदर्श मला मान्य आहे. तरीही त्याच चर्चवरील स्मृतिफलकाचे उदाहरण पाहावे. २०१८ साली त्यावर लिस्टरला लिंगभावाच्या चौकटीत न बसणारी उद्योजक म्हटले होते. त्यावर टीका झाली आणि २०१९ साली तेथे ‘लेस्बियन आणि रोजनिशीकार’ असे शब्द आले. खाणमालक पुन्हा गळाली.

नदीकाठ
पहिल्या फलकावर उद्योजक होती आणि लेस्बियन गळाली होती. स्त्रियांवर आणि केवळ स्त्रियांवरच आपले प्रेम आहे, असे तिने जानेवारी १८२१ मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. तो शब्द तिच्या काळी आजच्या अर्थाने रूढ नव्हता हे खरे, पण तिने इतके नेमके सांगितल्यानंतर तो टाळणे मला बरेल यांच्या सल्ल्याच्या जवळ जाणारे वाटते.

अडयारची वाचक
आपण दोघांनीही एक व्यक्ती वगळली आहे. रोजनिशीची उपलब्ध असलेली पहिली नोंद ऑगस्ट १८०६ ची आहे आणि ती एलायझा रेन निघून गेल्याची आहे. एलायझाचा जन्म मद्रासचा; वडील ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य, आई भारतीय. लहान वयात तिला यॉर्कशायरला नेण्यात आले आणि शाळेत या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडल्या. एलायझाची स्वतःची छोटी रोजनिशी टिकून आहे आणि तिच्यातही ही लिपी आढळते. म्हणून ‘तिने बनवलेली लिपी’ हे दफ्तरी यांचे वाक्य मला दुरुस्त करावेसे वाटते. ती दोघींमध्ये घडली. पुढे अ‍ॅन इतर स्त्रियांकडे वळली, आणि १८१४ साली एलायझाला वेड्यांच्या खासगी इस्पितळात ठेवण्यात आले. ती १८६० साली वारली, म्हणजे अ‍ॅनच्या मृत्यूनंतरही १९ वर्षांहून अधिक काळ जगली. दफ्तरी कुळांविषयी विचारतात, नदीकाठ प्रेमाविषयी विचारतात. मला मात्र एका मिश्रवंशीय मुलीकडे असलेला वारशाचा पैसा, तिचा रंग आणि तिचे एकटेपण यांपासून वाचन सुरू करावेसे वाटते.

दफ्तरी
दुरुस्ती मान्य आहे. लिपी दोघींची, हे मूळ लेखातच यायला हवे होते.

नदीकाठ
अ‍ॅन वॉकरची १८३४–३५ मधील रोजनिशी २०२० साली दफ्तरखान्यात ओळखली गेली, त्यामुळे आता त्या काही महिन्यांच्या दोघींच्या नोंदी तारखेनुसार शेजारी ठेवून वाचता येतात. एलायझाची पाने आणि अ‍ॅनची सुरुवातीची पाने तशीच एकत्र छापली जावीत, असे मला आता वाटते. त्यावरील टिपा लिहायला मद्रासचे कंपनीकालीन दफ्तर जाणणारे कोणी सोबत हवे.