व्हीएआर बंद करा म्हणणाऱ्यांनो, लॅम्पार्डचा गोल आठवतोय का?

डावा विंगर
काल एकाने इथे व्हीएआरबद्दल, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासायच्या पद्धतीबद्दल, लिहिलं, "व्हीएआरने फुटबॉलचा जीव घेतला. रेफ्री चुकला तर चुकला, तोही खेळाचाच भाग." खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

चूक आपल्या फायद्याची असली की ती खेळाचा भाग वाटते. १९८६ ला मॅराडोनाने हाताने गोल केला, अर्जेंटिनात त्याची दंतकथा झाली. २००९ ला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या ऑन्रीने चेंडू हाताने अडवून गोलसाठी साथीदार गॅलासपुढे टाकला आणि आयर्लंडचा वर्ल्ड कप सुरू होण्याआधीच संपला. त्यांना सांगून बघा खेळाचा भाग वगैरे. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका बारला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला. अख्ख्या स्टेडियमला दिसला, फक्त रेफ्री आणि लाइन्समन सोडून. तेव्हा २-२ झाले असते, शेवटी ४-१ ने हरले. नंतर चेंडू रेषेपार गेला की नाही हे सांगणारी गोललाइन टेक्नॉलॉजी आली तेव्हाही हेच लोक खेळ मेला म्हणून रडत होते. आज कोणी नाव तरी काढतं का?

आणि जून २०२४ मध्ये वुल्व्ह्जने व्हीएआर काढायचा ठराव आणला, तेव्हा प्रीमियर लीगच्या वीसपैकी एकोणीस क्लबांनी विरोधात मत दिलं. ते सगळे खुळे?

स्टॉपेज टाइम
तो काल लिहिणारा मीच. आता नीट ऐक.

क्लब म्हणजे मालक. स्वीडनमध्ये क्लबांची सूत्रं सभासदांकडे, म्हणजे चाहत्यांकडे असतात. तिथल्या क्लबांनी व्हीएआर नाकारलं. का, ते विचार.

टीव्हीवर बघणाऱ्याला यातलं काही कळणार नाही. मी स्टँडमध्ये होतो, शेवटच्या मिनिटाला आमचा गोल. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली, घसा फाटेस्तोवर ओरडलो. मग रेफ्रीचं बोट कानाला. आम्ही नुसते उभे. स्क्रीनवर फक्त "तपासणी सुरू". गोल रद्द. कोणासाठी, कशासाठी, कोणी सांगितलं नाही. शेवटी घरी टीव्हीसमोर बसलेल्या भावाला फोन करून विचारलं. तिकिटाचे पैसे मी भरले आणि कारण त्याला माहीत! त्या दिवसापासून गोल झाला की मी आधी लाइन्समनकडे बघतो. ओरडायचं नंतर.

आणि तुझं ते अचूक तंत्रज्ञान. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. तो ऑनसाइड, पण मैदानावर निर्णय ऑफसाइड, म्हणजे पास मिळताना बचावपटूंच्या पुढे होता असा, गोल रद्द. व्हीएआरवाल्याने रेषा मारली, बरोबर मारली, पण मैदानावर गोलच दिलाय असं समजून "चेक कम्प्लीट" म्हणून मोकळा झाला. खेळ सुरू. चूक कळली तेव्हा मागे जाता येईना. लिव्हरपूल २-१ ने हरलं. नंतर रीतसर माफी. माफीचे पॉइंट टेबलात धरतात का?

डावा विंगर
रेषा बरोबर आली, बोलण्यात घोळ झाला, हे तूच लिहिलंयस. मग दोष कॅमेऱ्याचा कसा? कतारला २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑफसाइडसाठी बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा, चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. माणसाच्या डोळ्याला हे जमेल?

नो-लुक पास
सेकंदाला पाच हजार वेळा मोजा, हँडबॉल कळणार आहे का? २०१८ ची वर्ल्ड कप फायनल. क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला कॉर्नरवरून चेंडू लागला, रेफ्री पिटाना मॉनिटरवर गेले, आले, पेनल्टी. मुद्दाम होतं की नव्हतं, यावर आजही दोन माणसांचं एकमत होणार नाही. स्लो मोशनमध्ये तर प्रत्येक हात गुन्हेगार दिसतो. गोललाइन आणि ऑफसाइड मशीनला द्या, बाकी सगळं माणसाकडे ठेवा.

शिट्टीवाला
हौशी स्पर्धांमध्ये शिट्टी फुंकलीय म्हणून बोलतो. पूर्वी खेळाडू दोन शिव्या घालून पुढे जायचे. आता मॅच संपली की कोणीतरी मोबाइल नाकासमोर धरतो: "बघा, बघा काय दिलंत ते!" पुढच्या फाउलला माझाच हात शिट्टीकडे जाताना अडखळतो. वरच्या पातळीवर तेच चाललंय. लाइन्समनला ढळढळीत ऑफसाइड दिसतं आणि तो झेंडा दाबून धरतो, कारण सूचनाच तशी: आधी खेळ होऊ दे, व्हीएआर नंतर बघेल. मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा अवोनियी असाच उशिरा आलेल्या झेंड्यापायी पोस्टवर आदळला. पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. जो खेळ कधीच थांबायला हवा होता, त्यात. यावर बोला ना कोणीतरी.

तिसरी स्लिप
उपाय सोपा आहे. क्रिकेटमधल्या डीआरएससारखं करा. कॅप्टनला दोन अपील, चुकलात तर गेलं.

नो-लुक पास
फिफा ते करून बघतंय. २०२४ ला कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला वर्ल्ड कपमध्ये कोचला दोन संधी होत्या.

डावा विंगर
आणि संधी संपल्यावर? हेडिंग्ली २०१९, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी. ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू इंग्लंडच्या लीचवर फुकट घालवला, पुढच्याच ओव्हरमध्ये स्टोक्स पायचीत होता, अंपायरने दिला नाही, आणि हे हात चोळत बसले. इंग्लंड एका विकेटने जिंकलं. हा न्याय?

तिसरी स्लिप
रिव्ह्यू जपून वापरणं हेही कौशल्यच आहे. ऑस्ट्रेलियाने भोगलं, बरं झालं.

नो-लुक पास
अंपायर्स कॉलबद्दल बोल, रिव्ह्यूत थोडक्याचा मामला असला की अंपायरने दिलेलं तेच कायम. चेंडू स्टंपला लागतोय तरी नॉट आऊट? तेच चित्र, अंपायरने बोट वर केलं असेल तर आऊट? हसतात लोक.

तिसरी स्लिप
हसणाऱ्यांना कळत नाही म्हणून हसतात. पॅडला लागल्यावर पुढचा मार्ग अंदाजाने काढलेला असतो, त्यात चुकीला जागा धरावीच लागते. तुमच्यासारखं बगलेच्या केसावर गोल रद्द करत नाही आम्ही.

स्टॉपेज टाइम
बीसीसीआय वर्षानुवर्षं डीआरएस नको म्हणून अडून बसलं होतं, २०१६ ला कुठे तयार झालं. आणि तुम्ही आम्हाला शिकवणार? फुटबॉलच्या प्रत्येक धाग्यात क्रिकेट घुसवायलाच हवं का?

तिसरी स्लिप
मी बीसीसीआयचा प्रवक्ता आहे का? मुद्द्याचं उत्तर नसलं की माणसावर यायचं.

डावा विंगर
तुझे दोन्ही रिव्ह्यू संपलेत, आता बस.

शिट्टीवाला
अवोनियीबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. नोंद घ्यावी.

डावा विंगर
बरं बाबा. यार्डभर ऑफसाइड असेल तर झेंडा तिथल्या तिथे वर जावा, मान्य. आणि स्टँडमधल्यांना कारण सांगायलाच हवं, तेही मान्य. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफ्री माइकवर सांगत होते, काही आभाळ कोसळलं नाही. पण बंद करा हे मान्य नाही म्हणजे नाही.

स्टॉपेज टाइम
एवढी मेहरबानी केलीस, धन्यवाद. मग वेळेची मर्यादाही घाल. एका मिनिटात चूक दिसली नाही तर ती ढळढळीत नव्हतीच.

डावा विंगर
दोन मिनिटं.

स्टॉपेज टाइम
दीड. आणि तेवढ्यात ठरलं नाही तर मैदानावर जे दिलं होतं तेच कायम.

तिसरी स्लिप
यालाच आम्ही अंपायर्स कॉल म्हणतो.