एमआरआयमधले ठिपके म्हणजे एमएसच (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) असं नाही

वहिनींच्या एमआरआय रिपोर्टवर 'डिमायलिनेशन?' (म्हणजे नसांवरचं आवरण झिजणं, एमएसमध्ये होतं तसं) लिहिलंय म्हणून तुम्ही धास्तावलात. अहो, ते प्रश्नचिन्हही वाचा की! पांढरे ठिपके मायग्रेन, बीपीमुळेही दिसतात. हातापायांना मुंग्या व्हिटॅमिन बी-१२ कमी असलं तरी येतात, तेही तपासून घ्या. डोळा दुखून लाल रंग फिका दिसत होता म्हणता, ते मात्र न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा, डोळ्याच्या नसेला सूज असू शकते. अँटी-एक्यूपी-४ या रक्ताच्या टेस्टबद्दलही विचारा, ती एनएमओसाठी (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) असते. एनएमओ एमएससारखाच भासतो, पण एमएसची काही औषधं त्यात उलटतात. आणि मे महिन्यात मालवणच्या उकाड्यात चुलीपुढे नजर धूसर झाली नि पंख्याखाली निवळली, तर तो बहुधा आजाराचा नवा अटॅक नव्हे, उष्णतेने जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. खरा अटॅक निदान २४ तास तरी टिकतो. मुंबईला दाखवायला जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.