उन्हाळ्यासाठी पाण्याचा माठ कोणता घ्यावा? (मर्यादा ६०० रुपये)

ओसरीवरची
महाशिवरात्र झाली, पहाटे अंगावर ओढलेली रजई आता मध्यरात्रीच पायथ्याशी जाते, आणि दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघराची पश्चिमेकडची भिंत हाताला गरम लागू लागली आहे. सासऱ्यांना फ्रिजमधील पाण्याने खोकला होतो आणि पिंपातील साधे पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून यंदा होळीपूर्वीच माठ आणावा असे ठरवले आहे. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात पाच माणसे आहेत, महापालिकेचे पाणी सकाळी येते आणि उन्हाळ्यात त्यात बोअरचे पाणी मिसळावे लागते. माठ ओट्याच्या टोकाला, खिडकीजवळ ठेवायचा आहे. काळा घ्यावा की लाल, तोटीचा घ्यावा की ओगराळ्याचा, आणि पुण्यात चांगला कुठे मिळेल, हे कृपया अनुभवाने सांगावे. सहाशे रुपयांच्या पुढे जाण्याची इच्छा नाही.

तांबट
माठाच्या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही तोटीचा तांब्याचा पिंप घेतला, त्याला साडेचार हजार रुपये पडले, परंतु तो नातवंडांच्या काळापर्यंत टिकेल. माठ दर वर्षी फुटतो आणि दर वर्षी नवा आणावा लागतो, तेव्हा दहा वर्षांचा हिशेब केल्यास तांबेच स्वस्त पडते. चिंच आणि मिठाने घासल्यावर त्याला जी झळाळी येते, ती पाहून आलेला प्रत्येक पाहुणा किंमत विचारतो.

वैनगंगा
तांबट काका, ताईंनी गार पाणी विचारले आहे, शोभेची वस्तू विचारलेली नाही. तांब्याच्या पिंपात पाणी खोलीइतकेच गरम राहते, आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीइतके गरम म्हणजे काय, हे एकदा येऊन पाहावे.
ताई, लाल माठ घ्या. आमच्याकडे तिवईवर लाल माठ, खाली परात, वर ओले फडके, आणि माठात वाळ्याची एक लहान जुडी स्वच्छ धुऊन सोडलेली, अशी व्यवस्था पिढ्यान्पिढ्या आहे. काळे माठ ही अलीकडची हौस आहे.

कोरडे_सत्य
काळे माठ अलीकडचे नाहीत. भट्टीत भरपूर हवा खेळली की मातीतील लोहामुळे भांडे लाल होते, आणि शेवटच्या टप्प्यात भट्टीची तोंडे बंद करून धूर आत कोंडला की तेच भांडे काळे होते. ही पद्धत फार जुनी आहे. गारव्याचा संबंध रंगाशी नसून सच्छिद्रतेशी आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी बाहेरच्या हवेत उडून जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. पंधरा लिटरच्या माठातून केवळ दीडशे मिलीलिटर पाणी उडाले, आणि त्याच वेळी बाहेरची उष्णता आत आली नाही, तर राहिलेल्या पाण्याचे तापमान साधारण पावणेसहा अंशांनी उतरते. मात्र हवा जितकी कोरडी तितकेच हे काम साधते. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी फार तर २१ अंशांच्या आसपास जाऊ शकते, आणि प्रत्यक्षात त्याहून दोन-तीन अंश वरच राहते. पुण्याच्या एप्रिलला हे उत्तम जमते.

भाट्ये_किनारा
म्हणूनच आम्हा रत्नागिरीकरांना माठाचे कौतुक सांगू नये. मागील वर्षी हौसेने आणलेला माठ दिवसभर घामाघूम व्हायचा, खालची परात भरायची, आणि आतील पाणी मात्र जेमतेम सुसह्य असायचे. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला की तुमची हवाच तशी आहे. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत. आता त्याच माठात तांदूळ ठेवले आहेत.

सांगवी_ते_स्वारगेट
ताई, खरेदीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून सांगतो. कसब्यातील कुंभारवेशीजवळ किंवा मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारवाड्यात जावे. हमरस्त्याच्या कडेला टेंपोतून विकणाऱ्यांपेक्षा तिथे पाहायला आणि वाजवायला निवांत मिळते. माठ डाव्या हाताच्या तळव्यावर तोलून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवावा. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट झाली आहे आणि तडा नाही. बद्द आवाज आला तर खाली ठेवावा, मग विक्रेता काहीही म्हणो. त्यानंतर तोंडातून आत डोकावून माठ उजेडाकडे धरावा. बारीक छिद्र असेल तर ते चांदणीसारखे चमकते. तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरून चकाकणारा, रोगण लावलेला किंवा तैलरंगाने वारलीची चित्रे काढलेला माठ घेऊ नये, कारण रंगाखाली छिद्रे बुजतात आणि पाणी गार होत नाही. काळ्या माठावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडक्याला काळा रंग लागला, तर तो धुराचा काळा नव्हे, वरून फासलेला आहे.

पारिजात_७
मीही हेच सांगणार होते की माठ वाजवून घ्यावा. आणि रंगवलेला घेऊ नये.

तांबट
तांब्याला वाजवावेही लागत नाही.

माटुंगा_लोकल
आमच्याकडे धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेला तोटीचा माठ आहे. तोटीबद्दल माझे अनुभव कडू आहेत, ते ऐकून मगच निर्णय घ्यावा. तोटी बसवण्यासाठी कच्च्या मातीतच भोक ठेवलेले असते, भाजताना ते किंचित आक्रसते, आणि मग तोटी पक्की बसावी म्हणून विक्रेता आतबाहेर पांढरे सिमेंट थापतो. पहिल्या महिन्यातच आमची तोटी ठिबकू लागली. दुरुस्ती करणाऱ्याने नट आवळला आणि त्याच क्षणी भोकापासून वरपर्यंत तडा गेला. आता तोटीचा घ्यायचाच असेल, तर आत आणि बाहेर दोन्हीकडे रबरी चकती आहे ना, हे पाहून घ्यावे. पकड न लावता हातानेच आवळावे. आणि तोटीखाली पेला उभा राहील इतकी उंच तिवई वेगळी घ्यावी. पेला तिरका धरून पाणी घेताना निम्मे पाणी ओट्यावर सांडते, याचा विचार कोणीच करत नाही.

वैनगंगा
ओगराळे वापरल्यास हे सर्व प्रश्न सुटतात.

माटुंगा_लोकल
ओगराळ्याने मुले पाणी काढतात, त्यातील अर्धे पितात, आणि तेच ओगराळे पुन्हा माठात बुडवतात. हा प्रश्न मात्र सुटत नाही.

जलशुद्धी_प्रेमी
माझा सल्ला थोडा वेगळा आहे. सरळ पाणी शुद्ध आणि थंड दोन्ही करणारे उपकरण घ्यावे. आमच्याकडील यंत्रास सव्वीस हजार रुपये लागले, पण एका कळीवर साधे, गार आणि कोमट, अशी तिन्ही प्रकारची पाणी मिळतात. वयस्कर माणसांसाठी यासारखी दुसरी सोय नाही.

ओसरीवरची
सर्वांचे आभार. मर्यादा सहाशे रुपयांची आहे, सव्वीस हजारांची नाही, हे नम्रपणे पुन्हा नमूद करते. बोअरच्या पाण्याबद्दल कोणी सांगू शकेल का? शेजारच्या काकूंच्या माठावर वर्षभरातच पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते आहे.

कोरडे_सत्य
ती बहुधा बुरशी नाही. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, पाणी उडून गेल्यावर बाहेरच्या अंगावर मागे राहतात. आरोग्याला त्यापासून अपाय नसला, तरी हळूहळू छिद्रे बुजतात, आणि म्हणूनच जुना माठ 'गार करेनासा' होतो. आठवड्यातून एकदा माठ रिकामा करून नारळाच्या शेंडीने आतबाहेर नुसत्या पाण्याने घासावा. साबण किंवा भांड्यांची पावडर मुळीच लावू नये, कारण सच्छिद्र माती ती शोषून घेते आणि पुढे कित्येक दिवस पाण्याला वास येतो. शक्य असल्यास माठात फक्त पालिकेचे पाणी भरावे आणि बोअरचे पाणी धुण्याभांड्याला ठेवावे.

आयुष्यमान_भव
माठातील पाणी नैसर्गिकरीत्या शुद्ध होते, त्यामुळे वेगळ्या गाळणीची गरजच राहत नाही. आमच्या आजोबांनी आयुष्यभर विहिरीचे पाणी माठात भरून प्यायले आणि ते ब्याण्णव वर्षे जगले.

कोरडे_सत्य
आजोबांच्या प्रकृतीला नमस्कार असो, परंतु साधा माठ पाणी गार करतो, निर्जंतुक करत नाही. पिण्यायोग्य पाणीच माठात भरावे. उकळलेले असेल, तर ते निवल्यावर भरावे. झाकणी घट्ट बसणारी असावी, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी कोरडी करा, असे आरोग्य खाते सांगते ते यासाठीच.

तापीकाठ
आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवी घागर आणून पितरांच्या नावाने पूजतात, तिच्यावर लहान लोटा आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि आंबाही अनेक घरांत त्यानंतरच खातात. फाल्गुनातच माठाचे पाणी प्यायले तर सर्दी होते, असे आमची आई आजही बजावते. ताईंनी घाई करू नये, हे माझे मत.

सांगवी_ते_स्वारगेट
आखाजीपर्यंत थांबल्यास तोच माठ जास्त पैसे मोजून घ्यावा लागेल, आणि चांगले भाजलेले नग आधीच उचललेले असतील. होळी जळाली, थंडी पळाली, म्हणतात; त्याच्या आठवडाभर आधी जाणे सर्वांत सोयीचे. आणल्यावर माठ लगेच वापरात काढू नये. तो स्वच्छ धुऊन एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, किंवा बादली लहान असेल तर काठोकाठ भरून ठेवावा, आणि ते पाणी झाडांना घालावे. मातीचा करकरीत वास कमी होईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलावे. काहीजणांना तो वासच आवडतो, हेही खरे.
आणखी एक सांगायचे राहिले. खिडकीजवळ म्हणजे वाऱ्याच्या झोतात, उन्हात नव्हे. तुमची पश्चिमेची भिंत तापत असेल, तर ओट्याचे ते टोक मुळीच योग्य नाही. माठ दुपारी ऊन येणार नाही अशा जागी, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा, म्हणजे चारही बाजूंनी वारा लागेल.

पारिजात_७
उन्हात ठेवू नये, हे अगदी खरे. माझेही हेच मत.

गच्चीतला_माळी
फुटक्या माठांना कृपया फेकू नये. खापराचे तुकडे कुंडीच्या तळाशी, भोकावर पालथे घातले की माती वाहून जात नाही. माटुंगा_लोकल यांनी तडा गेलेल्या माठाचे काय केले, हे सांगितले नाही.

माटुंगा_लोकल
तो अजून गॅलरीत आहे. त्यात कबुतराने अंडी घातली आहेत, त्यामुळे सध्या हलवता येत नाही.

ओसरीवरची
काल सासऱ्यांना घेऊन केशवनगरला जाऊन आले, त्याचा वृत्तान्त देते. इथे सांगितल्याप्रमाणे मी लाल, बिनतोटीचा, पंधरा लिटरचा माठ वाजवून बाजूला काढला होता. किंमत साडेचारशे रुपये ठरली होती. तेवढ्यात सासऱ्यांनी मागच्या फळीवरची एक लांब मानेची सुरई उचलली, तिच्या मानेवरच्या खडबडीत कंगोऱ्यांवरून अंगठा फिरवला, टिचकी मारून कानाशी धरली, आणि 'मला हीच हवी' असे सांगितले. ती जेमतेम चार लिटरची आहे. मी पाच माणसांचा हिशेब मांडून पाहिला, त्यावर त्यांचे म्हणणे असे पडले की खोकला एकट्या त्यांनाच होतो, मुले फ्रिज सोडणार नाहीत आणि आम्ही दोघे दिवसभर कचेरीत असतो, तर पंधरा लिटर पाणी रोज कोणासाठी भरायचे आणि तो माठ आठवड्याला कोणी उचलून घासायचा. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सुरई दोनशे ऐंशी रुपयांना आणि तिची अडणी साठ रुपयांना मिळाली. सध्या ती त्यांच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीत आहे.

वैनगंगा
इतक्या जणांनी इतके लिहिल्यावर सुरई?

तांबट
तांब्याचीही सुरई मिळते.

कोरडे_सत्य
एका माणसाच्या वापरासाठी सुरई गैर नाही. पाणी थोडे असल्याने ते लवकर निवते, आणि रोज ताजे भरले जाते. अडचण एकच आहे, की मानेतून हात जात नाही. आतून घासणार कसे?

ओसरीवरची
हाच प्रश्न मी कुंभारीणबाईंना विचारला. मूठभर जाडे मीठ आणि पेलाभर पाणी आत घालून, तोंडावर तळहात धरून सुरई आडवी गोल फिरवायची, मग तीनदा खळखळून उपडी घालायची, असे त्यांनी करून दाखवले. मीठ टोकदार खड्यांचे हवे, बारीक चालणार नाही. उपडी घालताना मान जमिनीवर टेकू देऊ नये, कारण सुरई तिथेच मोडते, हेही त्यांनी दोनदा बजावले.

भाट्ये_किनारा
माझ्याकडे तांदूळ भरलेला पंधरा लिटरचा लाल माठ आहे. कोणास हवा असल्यास रत्नागिरीहून येऊन न्यावा. तांदळाचे पैसे वेगळे पडतील.