जिमी रॉजर्सवर ५० मिनिटांचा कार्यक्रम : माहिती तपासून हवी, आणि योडल कसं बसवायचं?

गोदाकाठ (नाशिकरोड)

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी गटाच्या पुढच्या बैठकीसाठी अमेरिकन कंट्री संगीतातला जिमी रॉजर्स घ्यायचं ठरलं आहे. गंगापूर रोडला छोटा हॉल, साठेक श्रोते, ५० मिनिटं. श्रोत्यांत नाशिकरोड, मनमाड, इगतपुरीचे निवृत्त रेल्वेवाले बरेच असतील. त्यामुळे ‘गाणारा ब्रेकमन’ म्हटलं की नेमके प्रश्न येणार.

आमच्याकडे एक साधी गिटार, एक तबला आणि ऑर्केस्ट्रात किशोरकुमार गाणारा एक गायक आहे. त्याचा स्वर काळी एक (हार्मोनियमवर सप्तकातली पहिली काळी पट्टी). त्याचं योडल (छातीचा आवाज आणि बारीक खोटा आवाज यांत झटक्यानं उड्या मारत गाणं) चांगलं आहे, पण रॉजर्सचं गाताना ते वेगळंच वाटतं.

निवेदनात सध्या असं लिहिलं आहे : रॉजर्स हा पहिला कंट्री गायक, आयुष्यभर रेल्वेत नोकरी, कार्टर फॅमिली हा गायकांचा गट आणि तो एकाच दिवशी ध्वनिमुद्रण कंपनीला सापडले, क्षयानं गेला. यात काय दुरुस्त करू? कोणती गाणी घेऊ? आणि गिटार, योडल नेमकं कसं?

जुनी_तबकडी

चारपैकी तीन वाक्यं बदला. क्षयाचं तेवढं बरोबर आहे.

‘पहिला’ म्हणू नका. ‘एक’ (Eck) रॉबर्टसन या वादकाचं फिडल (व्हायोलिन) १९२२ मध्ये ध्वनिमुद्रित झालं, फिडलिन जॉन कार्सनचं १९२३ मध्ये, आणि व्हर्नन डालहार्टची तबकडी १९२४ मध्ये देशभर खपली. रॉजर्स त्यांच्यानंतरचा. ‘कंट्री संगीताचा जनक’ ही त्याला मिळालेली पदवी आहे, ती पदवी म्हणूनच सांगा. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमची पहिली तीन नावं निवडली, त्यांत हँक विल्यम्स आणि फ्रेड रोझ यांच्यासोबत तो होता. एवढं पुरेसं आहे.

जन्म ८ सप्टेंबर १८९७. गाव मिसिसिपी राज्यातलं मेरिडियन सांगा. अलाबामातल्या गायगरचाही दावा आहे. वडील रेल्वेत गँगमनांच्या टोळीचे मुकादम, आई तो लहान असतानाच गेली. तेराव्या वर्षाच्या आसपास औषधविक्यांच्या फिरत्या खेळाबरोबर पळून गेला, वडिलांनी परत आणून रुळांवर कामाला लावलं. टोळ्यांना पाणी पोचवताना काळ्या मजुरांची गाणी कानावर पडली. त्याच्या गाण्यातला ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दुःखाची गाणी, तिथला आहे आणि निवेदनात हे ठळकपणे यायलाच हवं. पुष्कळ जण ते गाळतात.

ब्रेकमनचं काम म्हणजे मालगाडीचे डबे जोडणं-सोडणं, सांधे बदलणं, हातब्रेक आवळणं, गाडी मध्येच थांबली तर मागे जाऊन येणाऱ्या गाडीला इशारा करणं. तुमच्या श्रोत्यांना ते लगेच कळेल. पण ही नोकरी त्यानं तुटक तुटक केली. १९२४ मध्ये क्षयाचं निदान झालं आणि मग अंगमेहनतीचं काम झेपेना. म्हणून ‘आयुष्यभर’ काढून टाका.

आता ब्रिस्टल. इथे घाई करू नका, कार्यक्रमाचा कणा हाच आहे. ब्रिस्टल गावाच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांची हद्द जाते. तिथे टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरनं १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये फिरती यंत्रणा लावली होती. कार्टर फॅमिली १ आणि २ ऑगस्टला गायली, रॉजर्स ४ ऑगस्टला. म्हणजे एकाच दिवशी नाही. रॉजर्स आला होता टेनेवा रॅम्ब्लर्स नावाच्या वाद्यवृंदाबरोबर, पण तबकडीवर नाव कुणाचं यावरून आदल्या दिवशी बिनसलं. वाद्यवृंद वेगळा गायला, रॉजर्स एकटा गिटार घेऊन. दोन गाणी झाली, ‘द सोल्जर्स स्वीटहार्ट’ आणि ‘स्लीप, बेबी, स्लीप’, आणि हातात १०० डॉलर आले. त्या भांडणामुळे तो एकटा उभा राहिला. गिटार, आवाज आणि योडल एवढ्यावरच गाणं तोलायचं ही त्याची पद्धत पुढे त्याची ओळख झाली.

पहिली तबकडी बेताची चालली. त्यानं बोलावण्याची वाट पाहिली नाही; स्वतःच न्यूयॉर्कला जाऊन पीअरला फोन केला. ३० नोव्हेंबर १९२७ ला कॅमडेन, न्यू जर्सी इथे चार गाणी झाली, त्यात पहिलं ‘ब्लू योडल’. नाव झालं ते त्या तबकडीनं. यश म्हणून सांगायचं तर ही तारीख महत्त्वाची, ब्रिस्टलची नव्हे.

पुढचं थोडक्यात. मेव्हणी एल्सी मॅकविल्यम्स हिनं त्याच्यासाठी आणि त्याच्याबरोबर बरीच गाणी लिहिली. १९२९ मध्ये ‘द सिंगिंग ब्रेकमन’ हा लघुपट आला. त्यात तो तीन गाणी गातो आणि हलताना दिसतो, म्हणून पडद्यावर तोच दाखवा. त्याच वर्षी टेक्सासमधल्या कर्व्हिल इथे मोठं घर बांधलं. कर्व्हिल म्हणजे त्यांची देवळाली : कोरड्या हवेसाठी क्षयरोगी तिथे जाऊन राहत. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं. विश्रांती हाच उपचार आणि हा माणूस दौरे करत राहिला.

शेवटची मुद्रणं न्यूयॉर्कला १७ ते २४ मे १९३३. सोबत नर्स, स्टुडिओत खाट, दोन गाण्यांच्या मध्ये आडवा पडायचा. शेवटचं ‘इयर्स अगो’ पुन्हा एकट्याच्या गिटारवर. २६ मे रोजी टॅफ्ट हॉटेलात गेला, वय ३५. पार्थिव रेल्वेनंच मेरिडियनला नेलं. पहिल्या मुद्रणापासून शेवटच्यापर्यंत सहा वर्षंही नाहीत, आणि गाणी शंभरावर.

माझ्या मते पाच गाणी घ्या : ‘ब्लू योडल’ (१९२७), ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ (१९२८), ‘ब्लू योडल नंबर ९’ (१६ जुलै १९३०), ‘टी. बी. ब्लूज’ (१९३१) आणि ‘इयर्स अगो’. नववं मूळ तबकडीवरूनच ऐकवा, कारण ट्रम्पेट जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगचा आणि पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँगचा आहे. तबकडीच्या चकतीवर दोघांचीही नावं नव्हती. एक गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, त्यामुळे कापाकापी नको.

किशोरकुमारनं रॉजर्स आणि दुसरा कंट्री गायक टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्यांवरून योडल उचललं असं अनेकांनी लिहिलं आहे. ‘असं म्हणतात’ इतकंच ठेवा.

षड्जपंचम

योडलबद्दल. आपल्या रियाजात छातीचा आवाज आणि वरचा खोटा आवाज यांमधला सांधा गुळगुळीत करायला शिकवतात. इथे तोच सांधा उघडा ठेवायचा. मींड घेतली, म्हणजे स्वरावरून स्वरावर सलग घसरत गेलात, की योडल गेलं. तुमच्या गायकाचं ‘वेगळं वाटतं’ त्याचं एक कारण हे असणार.

काळी एकला मध्य सप्तकातला पंचम छातीच्या आवाजात ‘ओ’ वर लावा आणि तिथून थेट तार गंधारावर ‘ई’ वर, खोट्या आवाजात, उडी मारा. हा तार गंधार पांढरी चारवर येतो आणि बहुतेक पुरुषांचा आवाज साधारण तिथेच मोडतो, म्हणून काळी एक या कामाला चांगली. स्वर खाली नेलात तर गंधारापर्यंत छातीचाच आवाज पुरतो, तुटण्याचा झटका ऐकूच येत नाही. काळी तीनला गेलात तर पंचमालाच ताण येतो आणि ओरडल्यासारखं होतं.

मेट्रोनोम ६० वर ठेवून एका ठोक्याला एक स्वर, ‘ओ-ई-ओ-ई’. उडी स्वच्छ पडायला लागली की एका ठोक्याला दोन. मग अक्षरं जोडा : ‘ओ-डी-ले-ई’, यातलं ‘डी’ आणि ‘ई’ वर, बाकी खाली. खालच्या स्वराला उघडे स्वर, वरच्याला ‘ई’ किंवा ‘ऊ’. उलट केलंत तर वरचा स्वर बसका लागतो. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. घसा दुखला तर खालचा स्वर जोरात लागतो आहे असं समजा, उडी चुकते आहे असं नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी गार गळ्यानं तर करूच नका, आधी खर्ज लावून घ्या.

आणखी एक फरक. किशोरचं योडल लयीवर नाचतं. रॉजर्सचं ओळ संपल्यावर येतं, सावकाश, वाक्याला उत्तर दिल्यासारखं. गायकाला वेग निम्म्यावर आणायला सांगा. साउंडवाल्याला सांगून एको पूर्ण बंद करा, कारण त्यात आवाजाचा मोड बुडतो. खोटा आवाज बारीक असतो, तेव्हा वरच्या स्वराला तोंड माइकजवळ, खालच्याला वीतभर मागे.

सहा_तारा

गिटार. पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पहिल्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि सी, एफ, जी सेव्हन या आकारांत वाजवा, म्हणजे काळी एक मिळेल. सा, म, प यांचे तीन कॉर्ड, बस. ब्लू योडलचा सांगाडा बारा मापांचा : चार मापं सी, दोन एफ, दोन सी, दोन जी सेव्हन, दोन सी, प्रत्येक माप चार ठोक्यांचं. एक ओळ दोनदा, मग तिसरी वेगळी ओळ, आणि मागे योडलची शेपटी.

उजव्या हाताचा अंगठा आधी खर्जाची तार, मग वरच्या तीन तारा. सी ला आधी पाचवी तार तिसरा फ्रेट, मग झणकार, मग सहावी तार तिसरा फ्रेट, मग झणकार. सी वरून एफ ला जाताना चार खर्ज स्वर : पाचवी तार तिसरा फ्रेट, चौथी मोकळी, चौथी दुसरा फ्रेट, चौथी तिसरा. सी वरून जी ला उतरताना पाचवी तिसरा, पाचवी दुसरा, पाचवी मोकळी, सहावी तिसरा. फ्रेट कॅपोपासून मोजायचे (कॅपोजवळ तार बसली नसेल तर मोकळी चौथी घरघरते; कॅपो फ्रेटच्या अगदी जवळ सरकवा). एफ चा बॅरे (एका बोटानं सगळ्या तारा दाबणं) करू नका, चार तारांचा छोटा एफ घ्या, नाहीतर या सरकत्या ओळीला बोट उरत नाही.

‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ मूळ मुद्रणात कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि स्टील गिटारसह आहे. तुमच्याकडे ते नाही, म्हणून मधला तुकडा गायकानं शिट्टीनं किंवा योडलनं भरावा. सुरुवातीची इंजिनाची शिट्टी रॉजर्स तोंडानंच काढतो. रेकॉर्ड केलेला आवाज लावू नका.

गोदाकाठ

फारच उपयोगी, आभार. निवेदन बदलतो. दोन शंका : तबला केहरव्यात ठेवू का? आणि कार्यक्रम यूट्यूबवर टाकला तर अडचण येईल का?

सहा_तारा

ब्लू योडलला तबला नको. बारा मापं म्हणजे ४८ ठोके, आठ मात्रांच्या केहरव्याची नेमकी सहा आवर्तनं, कागदावर बसतं. पण रॉजर्स ओळीच्या शेवटी शब्द ताणतो आणि मनाला येईल तसे ठोके वाढवतो किंवा गाळतो. त्याच्या साथीदारांनाही हे जड जायचं. दोन ठोके वाढले की समच (आवर्तनाची पहिली मात्रा) हलते आणि तबलजी योडलच्या मध्यावर सम देऊन मोकळा होतो. ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ वाद्यवृंदासह असल्यानं ताल सरळ आहे, तिथे हलका केहरवा चालेल. तबलजीनं गायकाकडे न बघता गिटारच्या अंगठ्याकडे बघावं. खर्जाची चढती ओळ आली की कॉर्ड बदलणार.

जुनी_तबकडी

कायद्याचं. भारतात गीत आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. रॉजर्स १९३३ मध्ये गेला, त्यामुळे त्यानं एकट्यानं रचलेलं इथे मोकळं आहे. एल्सी मॅकविल्यम्स त्याच्यानंतर कितीतरी वर्षं जगली आणि सहरचनेत मुदत शेवटच्या रचनाकारापासून मोजतात. तिचं नाव असलेली गाणी टाळा किंवा परवानगी बघा. अमेरिकेत त्या काळच्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे, म्हणजे १९२७ मध्ये प्रकाशित झालेली तबकडी १ जानेवारी २०२८ ला मोकळी होईल. म्हणून यूट्यूबवर तुमच्या गायकाचं गाणं ठेवा, आणि मूळ तबकड्या व लघुपटाचा भाग व्हिडिओतून कापा. हॉलमध्ये ‘नंबर ९’ ऐकवताना कॅमेरा बंद केलात तर नंतर कापायची कटकटही राहत नाही.