फ्रेम रेटला लगाम घालावा की मोकाट सोडावा?

फ्रेम_मोजणीदार (धागाकर्ता)
मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि कोपऱ्यात २३० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला २३० फ्रेम्सचा, आकडा. तो बघून खूश होणाऱ्यांसाठी हा धागा. मॉनिटर सेकंदाला १४४ वेळाच चित्र बदलणार, हाच त्याचा रिफ्रेश रेट. वरच्या फ्रेम्स आल्या की एकाच वेळी दोन-दोन फ्रेम्सचे तुकडे दिसतात, चित्र आडवं फाटतं (टेअरिंग). वीज मात्र सगळ्या फ्रेम्सची जळते.

माझं मत: जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरची गती कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवणारी सोय) असेल तर रिफ्रेश रेटच्या किमान ३ खाली, म्हणजे १४१ वर लॉक करा. बरोब्बर १४४ नको. कुठलाही लिमिटर (फ्रेम रेटला मर्यादा घालणारी सोय) घड्याळासारखा अचूक नसतो. एखादी फ्रेम ६.९४ मिलिसेकंदांच्या आधी टपकली की मॉनिटरची हद्द संपते. व्ही-सिंक (मॉनिटरची पाळी येईपर्यंत फ्रेम रोखणारी सेटिंग) चालू असेल तर ती अडकून पडते, बंद असेल तर टेअरिंग होतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'खाली 'मॅक्स फ्रेम रेट' आहे. रेडिऑन कार्डवाल्यांनी 'चिल' या सेटिंगमध्ये किमान आणि कमाल एकच आकडा टाकावा.

हेडशॉट_हरी
साफ असहमत. ६० ला लॉक केलं की नवी फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी येते, ३०० वर ३.३ नी. मॉनिटर ६० चा असला तरी ३०० वर पडद्यावर येणारं चित्र जास्त ताजं असतं. फाटतं, मान्य. पण शूटरमध्ये चित्र सुंदर दिसावं म्हणून कोण खेळतं? वर आरटीएसएससारखा बाहेरचा (वेगळ्या प्रोग्रॅमचा) लिमिटर जवळपास एका फ्रेमचा उशीर वाढवू शकतो. काउंटर-स्ट्राइक २ च्या कन्सोलमध्ये 'एफपीएस_मॅक्स ०' (म्हणजे मर्यादाच नाही) टाका, विषय संपला.

बॉटलनेक_बापू
एवढ्यात कसा संपेल, हरीभाऊ? जीपीयू (ग्राफिक्स चिप) ९९ टक्क्यांवर अडकला की सीपीयू (मुख्य प्रोसेसर) पुढच्या फ्रेम्स तयार करून रांगेत उभ्या करतो, आणि तुमचं क्लिक त्या रांगेच्या शेपटाला. आकडा मोठा, तरी बंदूक उशिरा उडते. लिमिट लावून जीपीयू ९०-९५ टक्क्यांच्या आत आणला की रांगच लागत नाही. २०२० साली आलेलं एनव्हिडिया रिफ्लेक्स रांगेचाच बंदोबस्त करतं. जोडीला जी-सिंक आणि व्ही-सिंक असेल तर १४४ हर्ट्झवर ते आपणहून १३८ च्या आसपास थांबतं, वेगळं लिमिट लावायची गरज नाही.

लिमिटर निवडताना आधी गेममधला बघा, तो नसेल किंवा अडखळत असेल तर ड्रायव्हरचा (कार्डाच्या सॉफ्टवेअरमधला). आरटीएसएस थोडा उशीर करतो, पण फ्रेम्समधलं अंतर एकसारखं ठेवण्यात त्याचा हात धरणारं फारसं कोणी नाही. कथाप्रधान गेमला मी तोच सुचवीन. एका वेळी एकच लिमिटर. दोन लिमिटर जवळजवळच्या आकड्यांवर लावले की फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख करवतीसारखा होऊ शकतो.

हेडशॉट_हरी
रांग लागते ती जीपीयू कमी पडला तर. स्पर्धात्मक खेळणारे सेटिंग्ज आधीच लो ठेवतात. जीपीयू ६० टक्क्यांवर, अडवतो सीपीयू. तिथे लिमिट लावून मिळालं काय?

बॉटलनेक_बापू
तिथे काही नाही, हे कबूल. म्हणून आधी ओव्हरलेमध्ये (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या पट्टीत) जीपीयूची टक्केवारी बघा, तीही मॅचमधल्या धुरात आणि स्फोटात. रिकाम्या मॅपवर ६० दाखवणारा जीपीयू तिथे ९८ ला जातो.

थर्मल_पेस्ट
मिलिसेकंद राहू द्या, मेनूचं काय? मेनूत काढायला फारसं काही नसतं, म्हणून एफपीएस हजारात जातो आणि कार्डातल्या कॉइल्स शिट्टी मारायला लागतात. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या मेनूत कार्डं तापायची. उपाय म्हणून सेटिंग्जच्या फाइलमध्ये फ्रेमची मर्यादा हाताने लिहावी लागे. जुलै २०२१ मध्ये अमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटात (चाचणी आवृत्तीत) काही आरटीएक्स ३०९० कार्डंच गेली. तेव्हा कार्डं बनवणाऱ्या ईव्हीजीएने नंतर आपल्या मोजक्या कार्डांत सोल्डरिंगचा दोष असल्याचं सांगितलं, आणि अमेझॉनने मेनूवर फ्रेमची मर्यादा घातली. दोष कार्डाचा, हे खरंच. पण निरोगी कार्डानेही मेनूत घाम का गाळावा?

गेमिंग लॅपटॉपमध्ये तर सीपीयू-जीपीयूच्या हीट पाइप्स बहुधा सामायिक असतात. एक तापला की दुसऱ्याचा क्लॉक (वेग) पडतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला बिनएसीच्या खोलीत लिमिट न लावता खेळून बघा: सुरुवातीला १२०, थोड्या वेळाने हेलकावे. ९० ला लॉक केलेलं त्यापेक्षा बरं. शिवाय १०० वॅट वाचले तर रोज ४ तासांच्या हिशेबाने महिन्याला १२ युनिट. दर आपापल्या बिलावर बघा.

अंडरव्होल्ट_आजोबा
उष्णतेवर लिमिट म्हणजे मलमपट्टी. चिपचं व्होल्टेज कमी करा (अंडरव्होल्ट), एफपीएस न गमावता तापमान उतरतं.

थर्मल_पेस्ट
आजोबा, अंडरव्होल्ट केलं तरी मेनूत हजार फ्रेम्स निघणारच. दोन्ही करा. आणि व्होल्टेज फार उतरवलं तर गेम मधेच बंद पडतो, लिमिटने तसं होत नाही.

मॉडवाला
जुन्या गेममध्ये तर मतभेदाला जागाच नाही. २०११ च्या स्कायरिममध्ये फिजिक्स फ्रेम रेटला बांधलेलं आहे. ६० च्या फार वर गेलात की खोलीत पाऊल टाकताच टेबलावरची भांडी उडतात.

हेडशॉट_हरी
बरं, मेनूसाठी ६०, स्कायरिमसाठी ६०. मॅचमध्ये मात्र ०. जीपीयू ९५ च्या वर दिसला तर आधी शॅडोज कमी करीन, लिमिट नंतर.